रेडिएटरचा रंग पुन्हा पुन्हा सुटतोय? आधी ओल शोधा, मग ब्रश उचला

बाथरूममधल्या एकाच रेडिएटरला मी चार वर्षांत तीनदा रंग दिला. खरवडलं, घासलं, प्रायमर मारला, वर दोन हात दिले. आणि दरवेळी हिवाळा सरता सरता खालच्या कडेला तोच तपकिरी डाग उमटला, त्याच्याभोवती तोच फुगलेला पापुद्रा. तिसऱ्या वेळी मी रंगाच्या डब्यालाच नावं ठेवली. डबा बिचारा निर्दोष होता. बाजूच्या व्हॉल्व्हच्या नटातून दोन-तीन दिवसांत एखादा थेंब पाझरायचा, पत्र्याच्या खालच्या शिवणीला धरून सरकायचा आणि मध्येच कुठेतरी वाळून जायचा. जमिनीवर कधी टिपूस दिसला नाही. नट पाव फेऱ्याच्याही निम्माच आवळला आणि चौथा रंग अजून जागेवर आहे.

त्यानंतर नात्यातले, ओळखीतले बरेच रेडिएटर हाताखालून गेले. तक्रार बहुतेकांची एकच: ‘रंग टिकत नाही.’ म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो. हे सगळं बॉयलरच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या रेडिएटरपुरतं आहे. वाफेवर चालणारे जुने रेडिएटर आणि विजेवरचे तेल भरलेले रेडिएटर यांना यातलं काही लागू करू नका. त्यांच्याबद्दल शेवटी दोन ओळी आहेत.

लक्षणं: रंग कुठे सुटलाय ते आधी बघा

किती सुटलाय यापेक्षा कुठे सुटलाय हे महत्त्वाचं. जागा बघितली की निम्मं निदान होतं.

- खालची शिवण किंवा खालचा कोपरा, तपकिरी गंज, पापुद्रा बाहेरून उचललेला: व्हॉल्व्हची गळती किंवा बाहेरून पडणारं पाणी.
- वरच्या कोपऱ्यातून खाली गेलेला बारीक गंजाचा ओघळ: हवा काढायचा स्क्रू नीट बसलेला नाही.
- वरची कड आणि वरची जाळी गंजलेली: ओले कपडे. दुसरं काही शोधू नका.
- समोरच्या सपाट भागावरून पापुद्रे निघताहेत, पण खाली गंज नाही, जुना गुळगुळीत रंग तसाच आहे: नवा रंग धरलाच नाही. हा घासण्यातला कंटाळा, गळतीचा यात दोष नाही.
- पांढरा रंग पिवळट झालाय, पण घट्ट आहे: तेलरंग उष्णतेने पिवळा पडतो. हा दोष फक्त दिसण्यातला.
- एखादाच फोड, बोटाने दाबला तर मऊ, आत ओल: इथे हात लावायचा नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा.

याच्या जोडीला आणखी काही जाणवतं का तेही टिपून ठेवा. वरचा भाग गार आणि खालचा गरम, पाण्याचा गुळगुळ आवाज, बॉयलरवरच्या दाबाचा काटा दर आठवड्याला खाली येणं. रंगाशी याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो मला फार उशिरा कळला.

पहिली तपासणी: टिश्यू पेपर, पहाटे

खर्च शून्य. फक्त वेळ नेमकी साधायची. रेडिएटर गरम असताना पाझरलेला थेंब जागच्या जागी वाळतो, मागे उरतो तो नुसता डाग. शिवाय धातू तापला की फुगतो आणि बारीक फट तेवढ्यापुरती मिटते. गार झाला की आकसतो, फट उघडते. त्यामुळे गळती पकडायची तर हीटिंग रात्रभर बंद ठेवून, सकाळी ते सुरू होण्याआधी.

टिश्यूचा कोरडा तुकडा घ्या आणि एकेका जागी दाबून बघा. आधी व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती, म्हणजे डोक्याच्या टोपीखाली जिथे दांडा आत जातो तिथे. मग व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या मोठ्या नटाखाली. मग पाइप व्हॉल्व्हमध्ये शिरतो तिथे. मग दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह, तसाच. वरचा हवेचा स्क्रू. आणि शेवटी खालची शिवण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक जागेला नवा तुकडा, नाहीतर ओल कुठली ते कळत नाही. शिवणीवर संशय असेल तर ती पुसून कोरडी करा आणि तिच्यावर खडूची पूड चोळा. दुसऱ्या दिवशी ओल असेल तिथे पूड गडद दिसते.

टिश्यू कोरडा निघाला तरी डाग वाचा. पितळी नटावर हिरवट-निळी पूड किंवा पांढरं कवच म्हणजे इथे पाणी येऊन वाळलंय, एकदा नव्हे, अनेकदा.

दुसरी तपासणी: पाणी बाहेरून तर येत नाही ना

सगळे सांधे कोरडे असतील तर घरातल्या सवयी बघा. रेडिएटरवर ओले टॉवेल वाळत घालणं हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. जाळीच्या कडा कापलेल्या पत्र्याच्या असतात, तिथे रंगाचा थर मुळातच पातळ, त्यात रोजची ओल. दुसरा गुन्हेगार फरशी पुसण्याचा मॉप. तो दर वेळी खालच्या कडेला आपटतो, आणि पाण्यात ब्लीच किंवा क्लोरीनवालं औषध असेल तर गंज चौपट वेगाने धावतो असं मला तरी वाटतं. तिसरा सांगायला जरा अवघड: कमोडच्या शेजारचा रेडिएटर. ज्या घरात पुरुषमंडळी उभ्याने कार्यक्रम उरकतात, तिथे कमोडकडची खालची बाजूच गंजते, दुसरी नाही. हे मी एकदा मोठ्या मानाने घरमालकिणीला सांगितलं आणि तिने नवऱ्याकडे जे बघितलं!

बाहेरचं पाणी असेल तर ते थांबवून सरळ रंगाकडे जा. पुढच्या तीन तपासण्या वगळल्या तरी चालतील.

तिसरी तपासणी: नट

दांड्याभोवती ओल असेल तर तिथला छोटा नट घड्याळाच्या दिशेने एक अष्टमांश फेरा आवळा. एक अष्टमांश म्हणजे घड्याळात बारावरून दीडपर्यंत. पुसा, एक दिवस थांबा, पुन्हा टिश्यू लावा. अजून ओल असेल तर आणखी तेवढाच. मोठ्या नटाचंही तसंच, फक्त तिथे दोन पाने लागतात: एकाने नट फिरवायचा, दुसऱ्याने व्हॉल्व्हचं अंग घट्ट धरून ठेवायचं. दुसरा पाना नसेल तर नटाला हात लावू नका. नटाबरोबर व्हॉल्व्ह फिरतो, व्हॉल्व्हबरोबर पाइप पिळतो, आणि थेंबाच्या जागी धार सुरू होते.

दोनदा आवळूनही पाझरत असेल तर तिसऱ्यांदा जोर लावायचा नाही. आतलं पॅकिंग किंवा आटे गेलेले असतात, आणि पितळी नट जोराने चिरतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवायला नट पूर्ण खोलावा लागतो, म्हणजे रेडिएटर रिकामा करावा लागतो. तुम्ही तो आधी कधी रिकामा केला नसेल तर पहिला प्रयोग एकट्याने नको.

हवेच्या स्क्रूचं सोपं आहे. रेडिएटरच्या छोट्या चावीने हलक्या हाताने घट्ट करा. त्याचं चौकोनी डोकं मऊ असतं, मनगटाचा जोर पुरतो.

चौथी तपासणी: हवा आणि दाब

हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्या. पंप चालू असताना हवा काढायला गेलात तर बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते, आणि गरम पाण्याने हात पोळतो तो वेगळाच. स्क्रूखाली जाड फडकं धरा, कारण येणारं पाणी काळं असतं आणि भिंतीवर पडलेला त्याचा डाग जाता जात नाही. चावी पाव ते अर्धा फेरा उलटी फिरवा. आधी सुस्कारा, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, मग सलग धार. धार आली की बंद. नंतर बॉयलरवरचा काटा बघा. बंदिस्त प्रणालीत (म्हणजे माळ्यावर टाकी नसलेल्या) गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. कमी असेल तर पाणी भरून तिथे आणा आणि भरण्याचा व्हॉल्व्ह न विसरता बंद करा. ३ बारला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर सोडतो.

वर्षातून एकदा हवा निघाली तर त्यात काही विशेष नाही. नुकतंच पाणी बदललं असेल तर काही आठवडे निघत राहील, तेही ठीक. पण दर पंधरा दिवसांनी एकाच रेडिएटरमधून सुस्कारा येत असेल तर ती हवाच असेल असं नाही. आत लोखंड आणि पाण्याच्या झटापटीतून काळा गाळ तयार होतो, त्याला मॅग्नेटाइट म्हणतात, आणि त्याच्याबरोबर सुटतो तो हायड्रोजन. म्हणून हवा काढताना जवळ मेणबत्ती, लायटर, सिगारेट नको. हायड्रोजन पेट घेतो.

आता रंगाशी संबंध. थेंब थेंब पाणी जातं, दाब उतरतो, आपण ताजं पाणी भरतो. ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि पत्रा आतून गंजायला लागतो. जुनं, वर्षानुवर्षं फिरून ऑक्सिजन संपलेलं पाणी पत्र्याला फारसा त्रास देत नाही. ताजं देतं. शिवाय प्रत्येक वेळी नव्या पाण्याने आतलं गंजरोधक रसायन पातळ होत जातं. म्हणजे जो थेंब बाहेरून रंग उचलतो, तोच आतून पत्रा खातो. पॅनेल रेडिएटरचा, म्हणजे सपाट पत्र्याच्या रेडिएटरचा, पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड असतो, दोन्हीकडून खाल्ला तर किती टिकणार? माळ्यावर पाण्याची टाकी असलेल्या जुन्या पद्धतीच्या प्रणालीत तर दाबाचा काटाही नसतो. टाकी गुपचूप पाणी भरत राहते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही.

पाचवी तपासणी: पाण्याचा रंग

हवा काढताना काचेच्या पेल्यात थोडं पाणी घ्या, दहा मिनिटं ठेवा. पारदर्शक किंवा किंचित राखाडी असेल तर उत्तम. काळा गाळ बसला तर पेल्याला बाहेरून लोहचुंबक लावून वर सरकवा. काळी रेघ चुंबकामागे चढताना दिसली की तो मॅग्नेटाइट. पाणी नारिंगी-तपकिरी असेल तर आत ऑक्सिजन येतोय, आत्ता, चालू काळात. ते काळ्यापेक्षा वाईट.

आणखी एक स्वस्त परीक्षा आहे. एका बरणीत रेडिएटरचं पाणी, दुसरीत नळाचं, दोन्हींत एकेक नवा, चकचकीत, जस्त न लावलेला खिळा. झाकण लावून चार-पाच दिवस ठेवा. दोन्ही खिळे सारखेच गंजले तर गंजरोधक संपलंय. ते भरणं किंवा सगळी प्रणाली धुऊन काढणं हे रंगाच्या आधीचं काम. रेडिएटरचा खालचा मधला भाग गार राहतो आणि पाणी काळं, असं दोन्ही असेल तर धुण्याचं काम माणूस बोलावूनच करा.

आता रंग, पण त्याआधी शिसं

घर जुनं असेल आणि रेडिएटरवर थरावर थर दिसत असतील तर थांबा. पूर्वी घरगुती रंगात शिसं घालत. अमेरिकेत त्यावर १९७८ साली बंदी आली, ब्रिटनमध्ये सर्वसाधारण विक्री १९९२ साली थांबली. त्याआधीचा ओतीव लोखंडी रेडिएटर असेल तर शिशाची तपासणी करून घेतल्याशिवाय कोरडा घासायचा नाही आणि हीट गनने तापवायचाही नाही. धूळ आणि धूर, दोन्हींतून शिसं शरीरात जातं, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

शिसं नाही याची खात्री झाली की काम सरळ आहे, कंटाळवाणं आहे, आणि कंटाळा केलात की सपाट भागावरून पापुद्रे निघणार.

हीटिंग पूर्ण बंद आणि पत्रा हाताला गार. कोमट पत्र्यावर रंग लावला की वरची साय लवकर वाळते, आतलं ओलं राहतं, आणि पुढे तिथेच फोड येतात. जाळीतली धूळ आधी लांब दांड्याच्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. माझ्याकडून पहिल्यांदा ही पायरी सुटली आणि ओल्या रंगावर मांजराच्या केसांची नक्षी उमटली. मग साबणाच्या पाण्याने धुणं, स्वच्छ पाण्याने पुसणं, पूर्ण वाळवणं. वरच्या कडेला हातांचं तेल असतं, तिथे जास्त घासा.

सुटलेला रंग पत्रीने काढा, पण पत्री आडवी धरून. कोपरा टोचून नाही. गंजावर तारेचा ब्रश चालवा, पूड उडायची थांबेपर्यंत. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, आणि जुन्या रंगाच्या कडेवरून हलक्या हाताने २४०. बोट फिरवलं की रंग आणि पत्रा यांच्यामधली पायरी लागता कामा नये. चांगला धरलेला जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही, फक्त त्याची चमक मारा. नवा रंग गुळगुळीत चकाकीवर धरत नाही, खरखरीवर धरतो.

खड्ड्यांत खोल उरलेल्या गंजावर गंज बदलणारं द्रावण लावा. टॅनिक आम्लाचं असेल तर गंज डोळ्यांदेखत निळसर-काळा होतो, ते बघायला गंमत वाटते. उघडा पडलेला पत्रा पाण्याने पुसू नका, काही तासांत त्याच्यावर पुन्हा पिवळी झाक येते. स्पिरिटने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उद्यावर टाकलंत तर उद्या पुन्हा घासा.

प्रायमर धातूचा. भिंतीचा उरलेला डबा कामाचा नाही. वर रेडिएटरसाठीचा किंवा उष्णता सोसणारा एनॅमल, दोन पातळ हात. एक जाड हात कधीच नाही, कारण ओघळ येतात आणि खालच्या शिवणीवर थेंब गोठतात. पांढरा हवा असेल तर पाण्याचा एनॅमल घ्या, तो तेलरंगासारखा पिवळा पडत नाही. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. खालची कड शेवटी, आडवं झोपून, छोटा आरसा जमिनीवर ठेवून बघा. नव्वद टक्के लोकांचा रंग तिथेच राहून जातो, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

व्हॉल्व्ह, नट, हवेचा स्क्रू, थर्मोस्टॅटचं डोकं (खोलीच्या तापमानानुसार व्हॉल्व्ह उघडबंद करणारं) यांवर मास्किंग टेप लावा. आटे रंगाने चिकटले की पुढच्या वर्षी चावी फिरत नाही.

रंग कोणता, हे विचारतातच. काळा जास्त उष्णता देतो आणि पांढरा कमी, हा समज चुकीचा आहे. रेडिएटरच्या तापमानाला साधे रंग, काळे असोत की पांढरे, जवळपास सारखीच उष्णता सोडतात. अपवाद धातूच्या चमकीचे: रुपेरी, सोनेरी, ॲल्युमिनियमची पूड असलेले. त्यांनी किरणांतून जाणारी उष्णता खरंच घटते. तसंही नाव रेडिएटर असलं तरी पॅनेलचा रेडिएटर बरीचशी उष्णता हवा तापवूनच देतो. त्यामुळे मागे आणि जाळीत साचलेली धूळ काढणं हे रंगाच्या छटेपेक्षा जास्त उपयोगी.

रंगासाठी रेडिएटर भिंतीवरून उतरवावा का? माझं मत, नाही. बाजूने वाकड्या ब्रशने दिसेल तेवढं करा. मागे गंज नसेल तर मागचं कोणी बघत नाही. उतरवायचाच असेल तर लॉकशील्ड व्हॉल्व्ह (थर्मोस्टॅट नसलेल्या टोकाचा, पाण्याचा प्रवाह ठरवून ठेवणारा) बंद करताना किती फेरे लागले ते मोजून टेपवर लिहा. पुन्हा तितकेच उघडायचे, नाहीतर बाकीच्या खोल्यांचं गणित बिघडतं. थर्मोस्टॅटवर हिमाची खूण असते, ती म्हणजे पूर्ण बंद नव्हे. खोली फार गार झाली की तो आपोआप उघडतो, आणि रेडिएटर तिथे नसेल तर पाणी जमिनीवर. त्याच्या जागी बंद करायची टोपी लावावी लागते.

शेवटच्या हातानंतर निदान एक दिवस हीटिंग नको. मग हळू, कमी तापमानावर, खिडकी उघडी ठेवून. पहिल्या दिवशी वास येतो, तो जातो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ओला फोड. मी एकदा शिकाऊ उत्साहात तसा फोड पत्रीने खरवडला आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून काळ्या पाण्याची बारीक चिळकांडी थेट समोरच्या पडद्यावर गेली. भोक आधीच होतं, जुन्या रंगाने आणि गंजाने ते झाकून धरलं होतं. असं झालं तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, फेरे मोजून. खाली घमेलं ठेवा, हवेचा स्क्रू उघडू नका, आणि फोन करा. शिवणीतून गळणारा पॅनेल रेडिएटर दुरुस्त करण्यात अर्थ नसतो, तो बदलतात. एका जागी आरपार गेलेला पत्रा शेजारीही तेवढाच पातळ असतो. वरून मेण, एपॉक्सी, टेप यांवर रंग मारून मी दोन महिने काढलेत, कोणाला सल्ला देणार नाही.

व्हॉल्व्ह बंद होत नाही, किंवा बंद केला तरी पाणी येतच राहतं. दोनदा आवळूनही नट पाझरतो. दाब रोज उतरतो आणि गळती कुठेच दिसत नाही. काटा तापल्यावर ३ बारकडे धावतो. जुन्या पाइपांभोवती पांढरट-करडं, पुठ्ठ्यासारखं वेष्टन आहे, तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याला टोकरूही नका. बॉयलरचं झाकण उघडावं लागेल असं काहीही, विशेषतः गॅसचं.

वाफेच्या रेडिएटरवर स्वतः काम करू नका. त्याच्या हवेच्या झडपेवर रंग बसला तरी ती बंद पडते, आणि आत वाफ असते. विजेवरच्या तेलाच्या रेडिएटरला रंग देऊ नका, तेल पाझरत असेल तर तो टाकून द्या.

माणूस आला की त्याला तीन गोष्टी आधीच सांगा: किती दिवसांत काटा किती खाली आला, पेल्यातलं पाणी काळं होतं की नारिंगी, आणि टिश्यू नेमका कुठे ओला झाला. मी तर टिश्यूचे तुकडे जागांची नावं लिहून पिशवीत ठेवतो. मागच्या वेळी आलेला प्लंबर हसला, पण सरळ त्याच नटापाशी जाऊन बसला.